शरीर आणि मनाचे शास्त्र : पनवेलच्या लोकलपासून लोणावळ्याच्या प्रयोगशाळेपर्यंत

पनवेल : पहाटेच्या अंधारात वडाळे तलावाच्या काठाने झपझप चालणारी माणसे आणि त्याच वेळी स्थानकाकडे धावणारे नोकरदार, ही पनवेलच्या सकाळची दोन चित्रे. पहिल्या चित्रातील माणसांची संख्या मोजकी, तर दुसऱ्यातील मोठी. १९९८ मध्ये हार्बर मार्गाची लोकल पनवेलपर्यंत पोहोचली आणि हे जुने व्यापारी गाव मुंबईच्या वेळापत्रकाला कायमचे जोडले गेले. पनवेलहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस गाठायला सव्वा ते दीड तास लागतो. जाण्यायेण्याचे तीन तास, कार्यालयातील आठ-नऊ तासांची बैठक आणि उरलेल्या वेळेत घर, जेवण व अपुरी झोप, असा अनेकांचा दिनक्रम झाला आहे. पाठ दुखते, रक्तदाब वाढतो, चिडचिड होते. मग शरीराच्या तक्रारीसाठी डॉक्टर आणि मनाच्या तक्रारीसाठी 'जरा मन घट्ट करा' हा सल्ला, अशी वाटणी केली जाते.

ही वाटणीच मुळात चुकीची आहे, असे आधुनिक वैद्यकशास्त्र सांगते. आरोग्य म्हणजे केवळ रोगाचा अभाव नव्हे, तर शारीरिक, मानसिक आणि सामाजिकदृष्ट्या पूर्ण सुस्थिती, ही व्याख्या जागतिक आरोग्य संघटनेने १९४८ मध्ये अमलात आलेल्या आपल्या घटनेतच नमूद केली आहे. आयुर्वेदानेही 'स्वस्थ' कोणाला म्हणावे हे सांगताना दोष, अग्नी व धातू यांच्या समतोलाबरोबर मनाची व इंद्रियांची प्रसन्नता आवश्यक मानली आहे. पनवेलला हा विचार अपरिचित नाही. 'धूतपापेश्वर' या आयुर्वेदीय औषधांच्या कारखान्याची मुळे १८७२ पासून याच गावात आहेत. मात्र शरीर आणि मन यांचा संबंध आहे असे म्हणणे वेगळे आणि तो मोजून दाखवणे वेगळे. हे मोजण्याचे काम पनवेलपासून फार दूर नव्हे, बोरघाट चढून गेल्यावर लागणाऱ्या लोणावळ्यात शंभर वर्षांपूर्वी सुरू झाले.

एका शिक्षकाची जिज्ञासा

कैवल्यधाम या संस्थेचे संस्थापक स्वामी कुवलयानंद यांचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. त्यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी गुजरातमधील डभोई येथे झाला. बडोद्याला प्रा. माणिकराव यांच्या तालमीत त्यांनी भारतीय व्यायामपद्धतीचे शिक्षण घेतले. पुढे नर्मदाकाठच्या मालसर येथील परमहंस माधवदासजी यांच्याकडे ते योग शिकले. खानदेशात अंमळनेर येथे त्यांनी शिक्षक म्हणून काम केले. एका बाजूला साधना आणि दुसऱ्या बाजूला आधुनिक शिक्षणाने दिलेली चिकित्सक दृष्टी, असा हा दुहेरी पिंड होता.

योगाच्या क्रियांनी शरीरात नेमके काय घडते, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. गुरूंनी सांगितले म्हणून मानावे किंवा पाश्चात्त्य शास्त्रात नाही म्हणून नाकारावे, हे दोन्ही मार्ग त्यांना मान्य नव्हते. १९२०च्या सुमारास त्यांनी बडोद्याच्या रुग्णालयात क्ष-किरण यंत्राच्या साहाय्याने उड्डियान आणि नौली या क्रियांचा अभ्यास केला. नौलीत पोटाचे मधले स्नायू वेगळे काढले जातात, त्या वेळी मोठ्या आतड्यात दाब किती असतो, हे दाबमापकाने पाहण्यात आले. तो बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी होतो, म्हणजे आत अंशतः निर्वात स्थिती निर्माण होते, असे आढळले. बस्ती या क्रियेत पाणी आपोआप आत कसे खेचले जाते, या जुन्या कोड्याचा उलगडा त्यातून झाला. या निर्वात स्थितीला त्यांनी आपल्या गुरूंचे, माधवदासजींचे नाव दिले.

ऑक्टोबर १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधामची स्थापना झाली आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू झाले. त्यात प्रयोगांची मांडणी, मोजमापे व छायाचित्रे दिली जात. योगाच्या क्रिया प्रयोगशाळेत तपासून त्यांचे निष्कर्ष नियमितपणे छापणारा हा जगातील अगदी आरंभीचा प्रयत्न होय. महात्मा गांधींना १९२७ मध्ये रक्तदाबाचा त्रास झाला, त्या वेळी त्यांनीही आसनांविषयी स्वामीजींशी पत्रव्यवहार केला होता. १९५० मध्ये संस्थेत योगाचे महाविद्यालय सुरू झाले. स्वामीजींचे निधन १८ एप्रिल १९६६ रोजी झाले. संस्थेने २०२४ मध्ये शताब्दी पूर्ण केली असून तिचे काम आजही सुरू आहे.

समजुतींना छेद

या परंपरेचे महत्त्व केवळ योगाचे गुणगान करण्यात नाही. प्रयोगाने जे सिद्ध होत नाही ते बाजूला ठेवण्याची तयारी, हे तिचे खरे मोल आहे. त्याची तीन उदाहरणे पाहण्यासारखी आहेत.

पहिले उदाहरण प्राणवायूचे. प्राणायामाने शरीरात भरपूर प्राणवायू साठतो, असे आजही सर्रास सांगितले जाते. परंतु निरोगी माणसाच्या धमन्यांतील रक्त साध्या श्वसनातही प्राणवायूने ९५ टक्क्यांहून अधिक भरलेले असते. जिथे जागाच जेमतेम उरलेली आहे, तिथे दीर्घ श्वास घेऊन आणखी किती भर पडणार? प्राणायामाचे मोल जादा प्राणवायूत शोधू नये, ते मज्जासंस्थेवरील परिणामात शोधावे, अशी दिशा कुवलयानंदांच्या संशोधनाने दाखवली होती.

दुसरे उदाहरण एका संशोधकाचे. अमेरिकेतील येल विद्यापीठात मानसशास्त्राचा अभ्यास करणारे केरळचे कोवूर बेहनान हे १९३०च्या दशकाच्या आरंभी लोणावळ्यात योग शिकायला आले. परत गेल्यावर त्यांनी स्वतःवरच प्रयोग केले आणि १९३७ मध्ये ते पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. उज्जायी प्राणायाम करताना शरीराचा प्राणवायूचा वापर वाढतो, असे त्यांना दिसले. वापर वाढणे म्हणजे साठा वाढणे नव्हे, हे येथे ध्यानात घ्यायला हवे. त्यांनी प्राणायामानंतर लगेच बेरजा करणे, रंग ओळखणे अशा चाचण्याही घेतल्या. तेव्हा कामगिरी सुधारण्याऐवजी तात्पुरती घसरली. तरीही योगाभ्यासाने एकंदर मनाला शांतता लाभली, हा अनुभव त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवला. मन शांत होणे आणि बुद्धीचा वेग वाढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा त्यातला धडा.

तिसरे उदाहरण हृदय थांबवण्याच्या दाव्याचे. योगी इच्छेनुसार हृदयाचे ठोके बंद करू शकतात, असे म्हटले जाई. वेंगर, बागची आणि आनंद या संशोधकांनी १९५०च्या दशकात भारतात योगाभ्यासकांची तपासणी केली. श्वास रोखून छाती व पोटाचे स्नायू घट्ट आवळले की हृदयाकडे परत येणारे रक्त कमी होते, नाडी हाताला लागेनाशी होते आणि ठोके ऐकू येत नाहीत. पण हृदयाचा विद्युत आलेख मात्र ते चालूच असल्याचे दाखवत होता. हे निष्कर्ष १९६१ मध्ये प्रसिद्ध झाले. चमत्कार संपला, परंतु श्वास आणि स्नायूंच्या द्वारे रक्ताभिसरणावर प्रभाव पाडता येतो, ही शास्त्रीय वस्तुस्थिती हाती आली.

मनाचा ताण शरीरात कसा उतरतो?

समोर संकट दिसले की शरीर लढण्याच्या किंवा पळण्याच्या तयारीला लागते, हे अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दाखवून दिले. अॅड्रेनॅलिन स्रवते, हृदयाची गती वाढते, रक्तदाब चढतो, रक्तातील साखर वाढते आणि पचन मंदावते. १९३६ मध्ये हान्स सेल्ये यांनी याचा पुढचा भाग उलगडला. ताण दीर्घकाळ टिकला तर हीच संरक्षक यंत्रणा शरीराला पोखरू लागते.

वाघ समोर आला तर ही तयारी जीव वाचवते. पण चुकलेली लोकल, साहेबांचा निरोप, घराच्या कर्जाचा हप्ता यांच्यापुढे पळून जाता येत नाही आणि लढताही येत नाही. शरीर मात्र दररोज तीच तयारी करीत राहते. मेंदूच्या आदेशावरून मूत्रपिंडावरील ग्रंथींतून स्रवणारे कॉर्टिसॉल हे संप्रेरक दीर्घकाळ चढे राहिले, तर झोप बिघडते, पोटाभोवती चरबी साठते, इन्शुलिनचे काम अवघड होते. उलट दिशेचा प्रवासही तितकाच खरा आहे. मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्यांत नैराश्य अधिक प्रमाणात आढळते आणि नैराश्य असेल तर औषधे, आहार, व्यायाम यांत हयगय होऊन मूळ आजार बळावतो.

या दुष्टचक्राचा आवाका किती, हे आकड्यांवरून कळते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, तर प्रौढांपैकी सुमारे ३५ टक्के उच्च रक्तदाबाचे धनी आहेत. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १२ राज्यांतील सुमारे १०.६ टक्के प्रौढ त्या काळात कोणत्या ना कोणत्या मानसिक विकाराने ग्रस्त असल्याचे आढळले. त्याहून गंभीर बाब अशी, की विकारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्णांना उपचारच मिळत नव्हते.

चालणारा कंडक्टर आणि बसलेला ड्रायव्हर

हालचालीचा आणि आरोग्याचा संबंध शास्त्रीयदृष्ट्या प्रथम उजेडात आला तो बसमध्येच. ब्रिटिश संशोधक जेरेमी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील कर्मचाऱ्यांची तुलना केली आणि १९५३ मध्ये निष्कर्ष मांडले. दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिन्यावरून सतत वर-खाली करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकाराचा त्रास कमी होता. मॉरिस तेवढ्यावर थांबले नाहीत. गणवेशांच्या मापांवरून ड्रायव्हर मुळातच अधिक स्थूल असल्याचे त्यांच्या लक्षात आले, तेव्हा फरक केवळ हालचालीमुळे आहे का, हे पडताळण्यासाठी त्यांनी इतर व्यवसायांतील माणसांचाही अभ्यास केला. पुढील अनेक दशकांच्या संशोधनाने हालचालीचे महत्त्व निर्विवाद ठरवले.

व्यायामाचा मनावरील परिणामही तपासला गेला आहे. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात पन्नाशी ओलांडलेल्या, नैराश्य असलेल्या १५६ व्यक्तींवर झालेल्या प्रयोगात एका गटाला औषध, दुसऱ्याला व्यायाम आणि तिसऱ्याला दोन्ही देण्यात आले. १६ आठवड्यांनंतर तिन्ही गटांत जवळजवळ सारखीच सुधारणा दिसली, असे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. सुरुवातीच्या आठवड्यांत औषधाचा गुण अधिक लवकर येत होता, हेही त्यात नोंदले आहे. म्हणून औषध सोडून चालायला लागा, असा या प्रयोगाचा अर्थ काढणे धोक्याचे आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली व्यायामाला उपचारात मानाचे स्थान द्यावे, एवढाच त्याचा अर्थ.

श्वास : हाताशी असलेली किल्ली

हृदयाचे ठोके, आतड्याची हालचाल, रक्तवाहिन्यांचे आकुंचन या गोष्टी आपल्या इच्छेवर चालत नाहीत. श्वास मात्र आपोआप चालतो आणि इच्छेनेही चालवता येतो. म्हणूनच स्वायत्त मज्जासंस्थेपर्यंत पोहोचण्याचा तो सर्वांत सोपा मार्ग ठरतो. श्वास घेताना हृदयाची गती किंचित वाढते, सोडताना ती कमी होते. उच्छ्वास लांबवला की शरीराला विसावा देणारी व्हेगस मज्जा अधिक प्रभावी होते.

इटलीतील संशोधक बर्नार्डी यांनी २३ निरोगी प्रौढांवर केलेला प्रयोग २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि योगातील मंत्र या दोहोंच्या उच्चारणाने श्वसनाची गती मिनिटाला सुमारे सहावर येते आणि रक्तदाब सांभाळणारी अंतर्गत यंत्रणा अधिक तत्पर होते, असे त्यात आढळले. धर्म वेगळे, शब्द वेगळे, शरीराचा प्रतिसाद मात्र एकच. नियमित संथ श्वसनाने रक्तदाबात थोडीफार घट होते, असे इतर अभ्यासही सांगतात. ही घट उपयुक्त आहे, पण औषधाची जागा घेण्याइतकी नाही.

पुरावा काय सांगतो?

योगावरील आजच्या पुराव्याचे चित्र संयमानेच पाहायला हवे. जुनाट पाठदुखीविषयीच्या १२ चाचण्यांचा, म्हणजे एकूण १,०८० रुग्णांचा आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. व्यायाम न करणाऱ्यांच्या तुलनेत योग करणाऱ्यांची दैनंदिन कामे करण्याची क्षमता अल्प ते मध्यम प्रमाणात सुधारली होती. काहींची पाठदुखी योगाने वाढलीही.

हृदयविकाराबाबत भारतातील मोठी चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ३,९५९ रुग्णांवर २४ केंद्रांत ती घेण्यात आली. योगावर आधारित पुनर्वसन घेतलेल्या रुग्णांनी आपली प्रकृती अधिक चांगली असल्याचे सांगितले आणि ते पूर्वीच्या कामांकडे अधिक चांगल्या प्रकारे परतले. परंतु पुन्हा झटका येणे किंवा मृत्यू यांसारख्या गंभीर घटनांत संख्याशास्त्रीयदृष्ट्या ठोस फरक सिद्ध झाला नाही. थोडक्यात, योगाने जगणे सुसह्य होते हे दिसले, आयुष्य वाढते हे अद्याप सिद्ध व्हायचे आहे.

हा भेद शाब्दिक नाही. आसने सुरू केली म्हणून रक्तदाबाची गोळी किंवा इन्शुलिन परस्पर बंद करणाऱ्या रुग्णाला पक्षाघात, मूत्रपिंडाचा विकार किंवा रक्तातील साखरेचा जीवघेणा उद्रेक अशी किंमत मोजावी लागू शकते. नैराश्यावरील गोळ्या एकाएकी थांबवल्यास आजार उलटण्याची भीती असते. जो उपाय पूरक म्हणून उत्तम, तोच पर्याय म्हणून घातक ठरतो.

काय करावे, काय टाळावे?

प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाची हालचाल आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०२० मधील शिफारस आहे. १५० मिनिटे म्हणजे आठवड्यातून पाच दिवस रोज अर्धा तास. बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, इतक्या वेगाने चालणे म्हणजे मध्यम व्यायाम, असा साधा ठोकताळा आहे. ही अर्ध्या तासाची हालचाल एकदम जमत नसेल तर तुकड्यातुकड्याने केली तरी चालते. घर ते स्थानक रिक्षाऐवजी पायी, सरकत्या जिन्याऐवजी साधा जिना, कार्यालयात तासातून एकदा उठून फेरी, या गोष्टींना पैसा लागत नाही. बसायला जागा मिळाल्यास लोकलमध्ये पाच-दहा मिनिटे डोळे मिटून संथ श्वसन करता येते. मात्र दारात उभे असताना हा प्रयोग करू नये.

झोपेकडेही दुर्लक्ष करून चालणार नाही. प्रौढांना साधारणतः सात तास किंवा अधिक झोप आवश्यक असते. पहाटेच्या योगवर्गासाठी झोप पाच तासांवर आणणे हा तोट्याचाच व्यवहार.

काही आसने व क्रिया सर्वांसाठी नाहीत. उच्च रक्तदाब किंवा काचबिंदू असणाऱ्यांनी शीर्षासनासारखी डोके खाली करण्याची आसने टाळावीत, कारण त्या स्थितीत डोळ्यांतील दाब वाढतो. गर्भवती स्त्रिया, हर्निया असलेले व पोटाची शस्त्रक्रिया नुकतीच झालेले रुग्ण यांनी उड्डियान, नौली व कपालभाती करू नये. हृदयविकार असलेल्यांनी श्वास दीर्घकाळ रोखण्याचे प्राणायाम डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नयेत. पुस्तकात किंवा पडद्यावर पाहून शिकण्यापेक्षा जाणकार शिक्षकासमोर शिकणे केव्हाही श्रेयस्कर.

मनाच्या बाबतीत एक साधी खूण ध्यानात ठेवावी. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी, कशातच रस न वाटणे, झोप किंवा भूक बिघडणे अशी लक्षणे टिकून राहिली, तर ते मनाचे दुबळेपण नसून आजाराचे लक्षण असू शकते. अशा वेळी मनोविकारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. केंद्र सरकारची 'टेलिमानस' ही निःशुल्क दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर सुरू झाली असून तेथे मराठीतही बोलता येते. आत्मघाताचे विचार मनात येत असतील तर क्षणाचाही विलंब न लावता मदत मागावी. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा प्रयत्नाकडे गुन्हा म्हणून नव्हे, तर तीव्र मानसिक ताणाचा परिणाम म्हणून पाहण्याची भूमिका स्वीकारली आहे. मानसिक आजारासाठीही शारीरिक आजाराप्रमाणेच विमा संरक्षण द्यावे, अशी तरतूदही त्यात आहे.

शंभर वर्षांपूर्वी एका शिक्षकाने गुरूंवरील श्रद्धा न सोडता त्यांच्या विद्येला क्ष-किरणांसमोर उभे केले. जे टिकले ते स्वीकारले, जे उलगडले नाही ते पुढच्यांसाठी मोकळे ठेवले. आरोग्याच्या बाजारात रोज नवे दावे येत असताना सामान्य नागरिकानेही हीच कसोटी हाती धरली पाहिजे. सकाळची अर्ध्या तासाची चाल, संथ श्वास, पुरेशी झोप, वेळेवर घेतलेले औषध आणि गरज पडेल तेव्हा मोकळेपणाने मागितलेली मदत, या पाच गोष्टी पनवेलच्या लोकलचे वेळापत्रक सांभाळूनही साधता येतील.